हर्णैहून खान्देशात: तापीकाठचे पहिले दिवस

शनिवार

मनमाड सुटलं आणि खिडकीबाहेरचा रंग बदलला. नांदगावच्या पुढे माती काळी होत गेली. चाळीसगाव आलं तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना कपाशीच कपाशी होती. जानेवारी लागलेला, वेचणी बरीचशी उरकलेली. झाडांवर उरलासुरला कापूस, आणि मधूनच एखाद्या शेतात कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बायांची रांग. मी हर्णैची. आमच्याकडे नजर एका बाजूला डोंगराला अडते आणि दुसऱ्या बाजूला समुद्रावर मोकळी सुटते. जमिनीवर ती इतकी लांब जाऊ शकते हे मी या गाडीतच अनुभवलं. जळगाव येईपर्यंत खिडकी सोडली नाही.

भुसावळला मैत्रीण घ्यायला आली होती. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो, ती आमच्याकडे येऊन समुद्र पाहूनही गेली. माझं खान्देशात येणं मात्र राहतच गेलं होतं. तिचं गाव फैजपूरजवळ, सातपुड्याच्या पायथ्याकडचं. एसटी तापीच्या पुलावर आली तशी मी उठून उभी राहिले. नदी पुष्कळ खाली वाहत होती. दोन्ही काठांना मातीच्या उंच दरडी, पावसानं चिरत नेलेल्या, आणि तळाशी हिरवट, संथ पाणी. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळते. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात, ही पश्चिमेला. म्हणजे पुलाखालचं पाणी आमच्याच समुद्राकडे निघालं होतं. भूगोलात पाठ केलेली ही गोष्ट, पण त्या पुलावर मला फार बरं वाटलं.

घरी पोचलो तर ओसरीवर अर्धी गल्ली जमलेली. आमच्या वाड्यांत घर आणि घर यांच्यामध्ये माडापोफळीचं आगर असतं. इथे भिंतीला भिंत, दाराला दार. जुनी धाब्याची घरं अजून आहेत, त्यांच्या सपाट मातीच्या छपरांवर पूर्वी पापड-कुरडया वाळायच्या असं काकूंनी सांगितलं. समोरच्या घरातल्या आजी सरळ आत येऊन माझ्याशेजारी बसल्या आणि हात हातात घेऊन विचारलं, "दर्याकाठची का तू? इतक्या लांबून आली, थकली असशीन." चहा झाला, पुन्हा चहा झाला, मग जेवण: वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी आधी उकडून मग तळलेली, बाहेरून खुसखुशीत. ती कुस्करायची, वर वरण, वर तुपाची धार. भात शेवटी, थोडासा. आमच्याकडे भातापासून जेवण सुरू होतं.

जेवताना मैत्रिणीच्या वडिलांनी, नानांनी, पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. पाऊस किती, विहिरीला पाणी किती हातांवर, उन्हाळ्यात काय करता. मी सांगितलं, ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. इथे ७०० च्या आसपास. नाना घास हातात धरून थांबले.

"मंग उन्हायात तुम्हाले पानी कमी पडत नसंन."

पडतं, म्हटलं. जांभा दगड पाणी धरत नाही, सगळं चार महिन्यांत समुद्राला जातं, मे महिन्यात कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. नानांना हे ऐकून खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. एवढं पाणी वाया जातं याची त्यांना अंगावर आल्यासारखी रुखरुख लागली, आणि हात धुतानाही ते तेच बोलत होते.

रविवार

रात्री कधीतरी मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. सकाळी कळलं की मैत्रिणीचा भाऊ मळ्यात गेला होता. शेतीची वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. या आठवड्यात रात्रपाळी. आता मोबाईलवरून मोटर चालू करता येते, तरी एखादी नळी निघाली, कुठे फुटली तर माणूस लागतोच. शिवाय जानेवारीच्या थंडीत, केळीच्या बागेत, अंधारात. हर्णैत भरती-ओहोटीच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहतात आणि होड्या त्याप्रमाणे सुटतात, मग मध्यरात्र असो की पहाट. इथल्या घरात विजेचं वेळापत्रक तसंच सगळ्यांना तोंडपाठ आहे. काकूंनी न विचारता सांगितलं की येत्या आठवड्यात दिवसाची आहे, तेव्हा पोराला झोप मिळेल.

दिवस उजाडल्यावर आम्ही मळ्यात गेलो. केळीच्या बागेबद्दल सांगायला हवं, कारण आमच्याकडे केळ परसात असते, न्हाणीच्या पाण्यावर वाढते, घड आला तर आला. इथे बागेत शिरलं की आकाश नाहीसं होतं. वर पानांचं छत, खाली ओलसर गारवा, दोन ओळींमधून ठिबकच्या काळ्या नळ्या, आणि प्रत्येक घड निळसर पिशवीत गुंडाळलेला. जूनमध्ये लावली ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली कांदेबाग. आणि पहिला घड निघाल्यावर बुंध्याचं पिल राखून त्यावर घेतात ती पिलबाग. पूर्वी बसराई आणि श्रीमंती या जाती सगळीकडे होत्या, आता बहुतेक बागा टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैनच्या आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

त्या दिवशी कापणी होती. कापणारा कोयत्याचा एक हलका वार खोडावर करतो, झाड कमरेतून वाकतं, आणि घड जमिनीला लागायच्या आत दुसऱ्याच्या खांद्यावर येतो. खांद्यावर गोणपाटाची घडी. घड अख्खा हिरवा, कच्चा. कुठे घासला तर पिकल्यावर तिथे काळा डाग पडतो आणि भाव पडतो, म्हणून ट्रकमध्ये केळीचीच पानं अंथरून घड रचतात. सगळ्यांचे कपडे चिकाच्या तपकिरी डागांनी भरलेले; तो डाग धुऊन जात नाही, कापणीचे कपडे वेगळेच ठेवतात. ही केळी दिल्ली, पंजाबकडे जाते. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून वर्षानुवर्षं ती रेल्वेच्या वाघिणी भरून गेली. हिरवी जाते, तिकडे पोचून पिकते. खान्देशातली माणसं मात्र बागेत झाडावर पिकलेला एखादा घड राखून ठेवतात. नानांनी मला तसलं केळ काढून दिलं. लहान, सालीवर ठिपके आलेलं, आणि इतकं गोड की मी आणखी मागून घेतलं.

बांधावर बसून ते बोअरबद्दल बोलत राहिले. त्यांच्या वडिलांच्या काळात विहिरीवर मोट चालायची. मग विहिरी आटल्या, बोअर आले. यावल-रावेरच्या या पट्ट्यात सातपुड्यावरून येणारं पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांतून खोल मुरतं. उपसा मात्र मुरण्यापेक्षा कितीतरी जास्त झाला आणि पातळी वर्षागणिक खाली गेली. केळीला पाणी लागतं, आणि केळीनंच या भागाला पक्की घरं, शाळा, कॉलेजं दिली. नानांना दोन्ही गोष्टी माहीत आहेत, ते एकीसाठी दुसरी लपवत नाहीत. "पोराले सांगतो, अर्धी जागा हरभऱ्याले ठेव. नाई ऐकत," एवढंच म्हणाले. भाऊ शेजारीच होता, तो जमिनीकडे पाहत राहिला. मला दोघांचंही पटत होतं.

परत येताना फैजपूरवरून आलो. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांनी मंडप सजवला होता. स्वातंत्र्यसैनिक धनाजी नाना चौधरींचं नाव इथे आजही घरातल्या माणसासारखं घेतात. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयावरून एसटी गेली तेव्हा शेजारच्या बाईनं अभिमानानं बोट दाखवलं: "माझी लेक इथंच शिकली."

सोमवार

दिवसभर कुठे गेलो नाही, कारण संध्याकाळी मळ्यात भरीत होतं आणि त्याची तयारी सकाळपासून चालू होती.

बामणोद इथून जवळ आहे, तिथली वांगी नावाजलेली. लांबोडकी, फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातभर मोठी, आणि आत बी जवळजवळ नाही. थंडी पडली की ती खरी चवीला येतात, म्हणून खान्देशात डिसेंबर-जानेवारी म्हणजे भरताचे दिवस. पाव्हणा आला की भरीत, शेजारी जमले की भरीत, कुणाच्या मळ्यात तर पन्नास-पन्नास माणसांचं.

अंधार पडायच्या सुमाराला भावानं कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग पेटवला. गॅसवर भाजलं तर ते भरीत नव्हे, यावर तिथे कुणाचंच दुमत नव्हतं. वांग्यांना टोचे मारून ती त्या जाळावर टाकली. साल काळी होऊन फुटायला लागली तसा गोडसर धुरकट वास सगळ्या मळ्यात पसरला. मग बाया गोल बसून राखेतली गरम वांगी सोलू लागल्या. बोटं भाजत होती, गप्पा थांबत नव्हत्या. मलाही एक वांगं मिळालं. लाकडी भांड्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचला, त्यात सोललेली वांगी घालून जाड लाकडी दांड्यानं एकजीव केली. कढईत भरपूर तेल, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. पुऱ्या, आणि सोबत कळण्याची भाकरी: ज्वारी आणि काळे उडीद सालासकट एकत्र दळून केलेली, करड्या रंगाची, दाट चवीची. मी पुरी बाजूला ठेवून भाकरीच खाल्ली. आमच्या तांदळाच्या भाकरीत हे बळ नाही.

वाढण्याबद्दल एक लिहून ठेवते. खान्देशात "बस" म्हटलं तर ते ऐकू येत नाही. ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या कडेनं वाढतात. त्या रात्री रस्त्यानं जाणारे दोन परके ट्रकवाले जाळ पाहून थांबले, आणि त्यांनाही हाताला धरून पंगतीत बसवलं. कोण, कुठले, हे जेवण झाल्यावर विचारलं.

मंगळवार

चांगदेव. तापी आणि पूर्णा इथे मिळतात. खाली हतनूरचं धरण आहे, ४१ दरवाजांचं, त्यामुळे संगमावर पाणी बारा महिने पसरलेलं. भुसावळच्या पुलावरून पाहिलेल्या खोल, बारीक नदीनंतर हे रुंद पाणी पाहून मी काठावर बराच वेळ नुसती उभी राहिले. हिवाळ्यात इथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. पाण्यावर बदकांचे थवे होते. चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ काठावर आहे, पलीकडे मेहूण, आणि जवळच कोथळी. मुक्ताबाई इथेच विजेच्या लखलखाटात गुप्त झाल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा, त्यांच्या नावावरूनच जुन्या एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. चौदाशे वर्षं जगल्याचं सांगितलं जाणारे चांगदेव आणि कोवळ्या वयाची मुक्ताबाई त्यांची गुरू: हे नातं वाचून माहीत होतं, पण एका पाण्याच्या दोन काठांवर दोघांची देवळं पाहताना ते मनाला जास्त भिडलं.

माझा जीव मात्र होड्यांकडे ओढत होता. एक भोईदादा जाळं दुरुस्त करत बसले होते. मी शेजारी बसले आणि जाळ्याचा डोळा बोटांनी मोजून पाहिला, तसे ते हसले. त्यांना कळलं. मग आमचं जमलं. इथे रोहू, कटला, मृगळ. धरणात बीज सोडतात. होडी लहान, सपाट बुडाची. लाट नाही, त्यामुळे आमच्यासारखा उंच नाळेचा आकार लागत नाही. पाणी वरखाली होतं ते धरणाच्या दरवाजांमुळे आणि पावसाळ्यात वरून येणाऱ्या पुरामुळे. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा आपोआप चढतं-उतरतं हे त्यांनी ऐकलं होतं, पण ते कसं दिसतं हे त्यांना नीट समजून घ्यायचं होतं.

"मंग होडी कुठं बांधता? सकायी पान्यात, दुपारी चिखलात?"

अगदी तसंच, म्हटलं. दोर किती सैल ठेवावा लागतो, खाडीत ओहोटीला होड्या कशा कलंडून बसतात, हर्णैच्या वाळूवर मासळीचा लिलाव संध्याकाळी कसा चालतो, सगळं सांगितलं. त्यांनी एकेक गोष्ट पुन्हा विचारून पक्की केली. निघताना म्हणाले, "आमचं पानी तुमच्याकडंच येतं. भेटलं तर सांगा, चांगदेवचं हाये." मला त्या वाक्यानं दिवसभर आनंद दिला.

बुधवार

प्रवासाचा दिवस. भुसावळहून सुरतेकडच्या गाडीनं अमळनेर, तिथून एसटीनं धुळे. गाडीत बोली बदलली. जळगावकडचं बोलणं मला समजत होतं. अमळनेरच्या पुढे अहिराणी सुरू झाली आणि मी नुसती ऐकत राहिले. धुळ्यात जुन्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज यानं पेठ आखून वसवली, त्या सरळ रेषा अजून टिकून आहेत. रात्री शेवभाजी: लाल तर्री, जाड तिखट शेव, वर लिंबू. डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ताट स्वच्छ केलं.

गुरुवार

ज्यासाठी मी धुळ्याकडे यायचा हट्ट धरला होता तो पांझरेचा फड. मैत्रिणीच्या एका सहकारी शिक्षिकेचं माहेर नदीकाठच्या गावात आहे, त्यांनी आम्हाला नेलं.

पांझरा साक्री तालुक्यात उगम पावते, धुळ्यातून जाते आणि मुडावदला तापीला मिळते. लहान नदी. तिच्यावर आणि मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून लोकांनी दगडी बंधारे बांधले, त्यातून पाट काढला, पाटातून शेतांकडे जाणाऱ्या लहान चाऱ्या. गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडले, तोच फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पुढच्या वर्षी फेरपालट. प्रत्येकाचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असतो, त्यामुळे उसाचा फायदाही वाटला जातो आणि पाणी कमी पडलं तर कळही. सर्वांत शहाणपणाचा नियम मला हा वाटला: शेतकऱ्यानं स्वतः पाणी फोडायचं नाही. गावानं नेमलेला पाटकरी प्रत्येकाच्या शेताला क्रमानं पाणी देतो, पिकाची राखण जागल्या करतो, आणि वाद पंचांपुढे जातो. मोटर नाही, वीज नाही. उतारानं वाहणारं पाणी आणि एकमेकांना दिलेला शब्द.

पुष्कळ ठिकाणी आता हे मोडलं आहे. वर धरणं झाली, काठाला विहिरी आणि मोटरी आल्या, ज्याच्याकडे पैसा त्याचं पाणी आधी. या गावात पाट वाहत होता, पण पूर्वीइतका फड भिजत नाही असं तिथल्या आबांनी सांगितलं. वय ऐंशीच्या घरात, डोक्याला पांढरी टोपी. त्यांनी आम्हाला पाटाच्या कडेनं चालवत नेलं आणि पाणी कुठून कुठे वळतं ते काठीनं दाखवलं.

"कथाईन उनात?" एका शेतातून बाईनं विचारलं.

"दर्याकडथून," आबा म्हणाले.

ती खुरपं टाकून बांधावर आली, डोक्यावरचा पदर सावरला, पेंढीतली हरभऱ्याची गड्डी माझ्या हातात दिली. मी तिच्या वाफ्यात शिरणारं पाणी पाहत होते. "आते आमनी पायी शे," ती म्हणाली. उद्या शेजारच्याची. तिच्या आवाजात घाई नव्हती. फैजपूरच्या मळ्यात रात्री मोटरसायकलवर जाणारा भाऊ मला आठवला. बोअर ज्याचा त्याचा असतो, त्याला पाळी नसते. किती उपसायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि रात्र ज्याची त्यानं जागायची. फडाच्या वाटेनं नाना आणि त्यांच्या मुलातला प्रश्न सुटेल का, हे मी सांगू शकत नाही. नुसत्या उतारावर केळी जगेल एवढं पाणीच तिथे नाही. पण शेजाऱ्याचं पीक आणि आपलं पीक एकाच पाटावर आहे हे ज्या गावाला रोज डोळ्यांनी दिसतं, तिथे पाण्याचं बोलणं वेगळं असतं, हे मी ऐकलं.

दुपारी शिक्षिकेच्या आईनं चुलीवर उपडं खापर ठेवून मांडे केले. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि तापलेल्या खापरावर टाकायची. त्या माउलीच्या हातून एकही फाटली नाही. कानबाईच्या सणाला, श्रावणात, पुन्हा ये म्हणाल्या. तेव्हा सगळी भाऊबंदकी एका घरात जमते.

शुक्रवार

दोंडाईच्यावरून नंदुरबार. शहराबाहेर पोचलो आणि एसटीतच शिंका सुरू झाल्या. मोकळ्या माळावर जमीन दिसेनाशी करणाऱ्या लाल मिरचीच्या पथाऱ्या. ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती इथे पसरून वाळवतात, आणि आदिवासी बाया तोंडाला फडकी बांधून तिचे देठ खुडतात. मी एकीजवळ बसून खुडायला लागले. थोड्या वेळात बोटं पेटली. तिनं माझ्या हाताला तेल लावलं. तिची बोटं तशीच चालू होती. अवकाळी आभाळ आलं की सगळ्यांचे प्राण कंठाशी येतात, एका सरीत माल काळा पडतो. आमच्या खळ्यांवर सुकट पसरलेली असताना ढग आला की घरातलं लहान पोरसुद्धा धावतं. तिला हे सांगितलं, तर तिनं मान वर करून आभाळाकडे पाहिलं आणि आज काही भीती नाही म्हणाली.

चौकात शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांच्या स्मारकापाशी थांबलो. ९ सप्टेंबर १९४२, तिरंगा हातात घेतलेली शाळकरी पोरं, आणि गोळीबार. कुणीतरी ताजी फुलं वाहिली होती.

मग बाजार. मिरची घ्यायची होती, पण वळणावर ओळखीचा वास आला आणि मी तिकडेच गेले. सुक्या मासळीची रांग: बोंबील, सुकट, करदी, वाकट्या. समुद्रापासून इतक्या आत. माल गुजरातच्या किनाऱ्यावरून येतो, सातपुड्यातल्या पाड्यांवरून उतरणारी माणसं आठवड्याची घेऊन जातात, असं विकणारीनं सांगितलं. मी हर्णैची म्हटल्यावर तिनं एक बोंबील माझ्या हातात ठेवला.

"तुम्ही दर्याकडच्या. सांगा, कसा शे?"

मोडून पाहिला, हुंगला. कडक वाळलेला, वाळू नाही, मीठ बेताचं. चांगला आहे, म्हटलं. फक्त गोणी बंद ठेवू नका, पावसाळ्याआधी पुन्हा एकदा ऊन द्या. तिनं लगेच शेजारणीला तेच मोठ्यानं सांगितलं. ओला बोंबील तिनं कधी पाहिला नव्हता, इतकी वर्षं वाळलेला विकूनही. मी फोनवर हर्णैच्या लिलावाचा व्हिडिओ लावला. मऊ, पांढरट, टोपलीत सरकणारे बोंबील, आणि त्यांच्याभोवती ओरडून बोली लावणाऱ्या आमच्या बाया. रांगेतल्या सगळ्या जमल्या. एकीनं आवाज वाढवायला सांगितला, दुसरीनं टोपलीचा भाव विचारला. मी सांगितला, तशी पलीकडची एक मिरचीवाली सुद्धा तराजू सोडून उठून आली आणि म्हणाली, थांबा, पुन्हा पहिल्यापासून लावा.